कासवाच्या पाठीवरचा तावीज

मी निवृत्त झाले तेव्हा कार्यालयानं मला शाल, नारळ आणि भिंतीवर लावायचं एक घड्याळ दिलं. शाल अजून वापरते. घड्याळ मात्र दुसऱ्याच दिवशी भाचीच्या घरी पोचतं केलं. "खाला, चांगलं चालतंय की हे," ती म्हणाली. चांगलं चालत होतं हीच तर अडचण होती. शांत खोलीत टिकटिक ऐकू आली की मी अजूनही हातातलं काम सोडते आणि आवाज जमिनीखालून येतोय का ते बघते.

माझं काम नेमकं काय होतं हे सांगताना माझी नेहमी पंचाईत होते. पाण्याच्या खात्यात होते म्हटलं की लोक नळाची तक्रार सुरू करतात. शास्त्रज्ञ होते म्हटलं की माझ्या झिजलेल्या चपलांकडं बघतात. गावोगावी माझं नाव एकच, कासवबाई. शेख मॅडम म्हणून पत्ता विचारत आलात तर कुणी घर दाखवणार नाही.

सुरुवातीची वर्षं मी कोकणात एका खाडीवर काढली. नदी समुद्राला मिळते तिथं पाण्याचा जोर मोडतो, वाहून आणलेला गाळ खाली बसतो आणि त्या गाळावर सगळी सृष्टी पोसली जाते. त्या चिखलात गुडघाभर उतरून कोण कुठं राहतं, काय खातं, अंडी कुठं घालतं हे शोधायचं, आणि मग माणसांना सांगायचं की इथं खोदा, इथं खोदू नका, या महिन्यात जाळी टाका, त्या महिन्यात ठेवून द्या. शोध लावणं सोपं असतं. सांगणं अवघड, आणि ऐकवणं त्याहून अवघड.

बदली होऊन आपल्या धाराशिव जिल्ह्यात आले तेव्हा खाडीवरचे सहकारी खूप हसले. तिथं भरती-ओहोटी कशाची बघणार, म्हणाले. पण परंड्याच्या अंगाला धरणाचा एक मोठा तलाव आहे. नाव मुद्दाम लिहीत नाही. त्याला वरच्या बाजूनं एक नदी येऊन मिळते आणि त्या तोंडाशी सगळं खाडीसारखंच घडतं. फक्त मीठ नसतं. पाणी मंदावतं, मळी म्हणजे गाळाची माती साचते, मासे अंडी घालायला तिथंच येतात, आणि त्या मऊ काठात कासवं अंडी पुरतात. पावसाळा सरला की मादी अंडी घालते आणि ती अंडी हिवाळा, उन्हाळा मातीतच काढून पुढच्या पावसाला फुटतात. म्हणजे उन्हाळ्यात तुम्ही त्या काठावर उभे असता तेव्हा पायाखाली पुढची पिढी झोपलेली असते, आणि वरून काहीही दिसत नाही.

आमची कासवं म्हणजे गुळगुळीत पाठीची, चिखलात राहणारी. दिसायला साधी, स्वभावानं तापट. पाण्यात मेलेलं जे जे असेल ते खातात. मेलेले मासे, वाहून आलेलं वासरू, काहीही. त्यामुळं तलाव कुजत नाही. पाण्याचे सफाई कामगारच म्हणा. हे लक्षात ठेवा, कारण मी परत सांगणार नाही.

तर त्या काठाची मळी यंत्रांनी खोदून शेतात टाकायची अशी योजना आली. योजना वाईट नव्हती. तलावात पाणी वाढतं, शेताला कसदार माती मिळते. माझ्या भावानंही चार ट्रॉल्या मागितल्या होत्या. पण नदीच्या तोंडाचा काठ खोदला तर कासवं संपली. मी बैठकीत तसं म्हणाले. योजना राबवणारा साहेब भला माणूस होता. तो म्हणाला, "मॅडम, कासवं तिथं अजून अंडी घालतात हे दाखवा. एक मादी दाखवा. मी तो काठ सोडतो, मळी धरणाच्या भिंतीकडून काढू. पण नुसतं तुमच्या सांगण्यावर नाही." पुढचा पावसाळा सरेपर्यंतची मुदत मिळाली.

मग आम्ही कासवं पकडून त्यांच्या पाठीच्या मागच्या कडेला छोटे रेडिओ बसवले. काडेपेटीपेक्षा लहान डबी, मागं शेपटीसारखी तार. प्रत्येक डबीचा आवाज वेगळ्या नंबरावर लागतो. आपण खांद्याला पेटी अडकवायची, हातात जुन्या टीव्हीच्या अँटेनासारखी काठी धरायची आणि फिरायचं. कासव जवळ असलं की पेटीतून टिक, टिक येतं. पोरं विचारायची, बाई, कोणतं च्यानल लागतंय. आणखी एक गंमत त्या डब्यांत होती. कासवाचं अंग तापलेलं असलं की टिकटिक भरभर येते, गार असलं की संथ. नुसतं ऐकून मला कळायचं की हे काठावर ऊन खातंय की खोल पाण्यात बसलंय.

माझ्याबरोबर होडीवर दशरथ असायचा. तलावावर मासेमारी करणाऱ्या घरातला, पन्नाशीचा, अतिशय बडबड्या. त्याच्या बडबडीला मी कंटाळायचे आणि तो नसला की करमायचं नाही.

हिवाळा संपता संपता आवाज नाहीसे होऊ लागले. आज हा नंबर नाही, पुढच्या आठवड्यात तो नाही. तलाव आटत चालला होता, म्हणजे कासवं आणखी सहज सापडायला हवी होती. आम्ही होडी घेऊन सगळा काठ पालथा घातला. पेटीतून नुसती खरखर. उन्हाळा तापला तेव्हा एकही आवाज उरला नव्हता. रेडिओ बंद पडले म्हणावं तर सगळे कसे पडतील? मेली म्हणावं तर मेलेल्या कासवाची डबीसुद्धा वाजत राहते. तलावानं त्यांना गिळलं होतं असंच मला वाटायला लागलं, आणि असं वाटणं आमच्या धंद्यात शोभत नाही.

पहिला आवाज परत आला तो वैशाखात, भर दुपारी, तलावापासून बऱ्याच लांब, रस्त्याकडेच्या ज्वारीच्या रानात. ज्वारी कधीच निघून गेली होती. नुसती धसकटं, भेगाळलेली जमीन, वर पांढरं ऊन. जीप गरम झाली म्हणून थांबलो होतो आणि पेटी चालूच राहिली होती. तिच्यातून आलं, टिक. मग बराच वेळ काही नाही. मग पुन्हा, टिक.

मी दशरथकडं बघितलं. त्याची बडबड थांबली होती.

आवाज संथ होता. म्हणजे कासवाचं अंग गार होतं. त्या रानात चपलेतून पाय भाजत होते आणि तिथं कुठंतरी, आमच्या पायाखाली, काहीतरी गारव्यात बसून ठोके देत होतं. अँटेना फिरवत आम्ही पुढं सरकलो. बांधापलीकडं चढण होती आणि चढणीमागं विहीर. वाकून बघितलं. खूप खाली, हिरव्या पाण्यावर, माझं कासव नाक वर काढून होतं. शेपटीची तार स्पष्ट दिसत होती.

विहिरीचा मालक भेटला. मी विचारलं, हे इथं कसं आलं? तो मोकळेपणानं म्हणाला, "म्याच सोडलंय की, बाई. आमचा चुलता पडला ह्या इहिरीत. मग इहीर जिती करावी लागती न्हवं?"

आता बाहेरच्या वाचकांसाठी सांगते. त्या पट्ट्यातल्या गावांत विहिरीत माणूस गेलं की विहीर मेली असं धरतात. तिचं पाणी पीत नाहीत, जनावरांनाही पाजत नाहीत. पाणी उपसून टाकायचं, नारळ फोडायचा, हळदकुंकू वाहायचं, आणि मग नव्या पाण्यात एक जिवंत कासव सोडायचं. ते जगलं की विहीर जिती झाली. मुसलमान शेतकरी नारळाऐवजी फातिहा देतात. कासव तेच.

मग मी दशरथला विचारलं की तलावात इतकी कासवं असताना लोकांनी नेमकी माझीच का उचलली.  तो खाली बघत म्हणाला, "मॅडम, मासे धरनारे मला इचारायचे, ह्येच्या पाठीला काय बांधलंय. आता रेडिओ म्हनलं तर पोरं तोडून घरला नेतील. म्हून म्या म्हनलं तावीज हाय. कासवबाईनं मंतरून बांधलाय. तावीज कुनी तोडत न्हाय."

"अरे, मग?"

"तोडला न्हाय की कुनी," दशरथ म्हणाला. "कासवासकट नेला."

मला हसावं की रडावं ते कळेना. मुसलमान बाईनं बांधलेला तावीज म्हणजे त्याची ताकद दुप्पट. जाळ्यात तावीजवालं कासव आलं की मासे धरणारे ते विहीर जिती करण्यासाठी राखून ठेवायचे, लांबलांबचे लोक येऊन न्यायचे.

त्यानंतर काम सोपं झालं, तरीही मला ते नको वाटू लागलं. पेटी घेऊन गावोगाव फिरायचं. टिक ऐकू आली की विहीर सापडायची आणि विहिरीबरोबर एक माणूस सापडायचा. कुणाची आई पाणी काढताना घसरली होती, कुणाचा भाऊ पोहायला उतरला होता. काहींच्या बाबतीत घरचे 'पाय घसरला' म्हणायचे आणि दुसरीकडं बघायचे. मी कासवं शोधायला निघाले होते. माझं यंत्र मला दर खेपेला एका मेलेल्या माणसाच्या दारात उभं करत होतं. लोक कासवं परत द्यायला नाही म्हणत नसत. दशरथ त्यांना बदल्यात बिनताविजाचं पण तावीजवाल्याचं भावंड आणून द्यायचा. असली कासवं अशी विहिरीत सोडणं कायद्यात बसत नाही हे मला माहीत होतं आणि मी न बघितल्यासारखं करायचे.

बातमी पसरायला वेळ लागला नाही. पण बातमी पसरताना फिरली. कासवबाईचं यंत्र विहिरीतलं मेलेलं माणूस सांगतं, अशी ती झाली. मी गावात शिरले की बायका लेकरांना आत ओढायच्या. चहाच्या टपरीवर माणसं बोलता बोलता गप्प व्हायची. एक जमीन घेणारा गृहस्थ कार्यालयात आला आणि म्हणाला, सौदा करायच्या आधी तेवढं रान तपासून द्या, विहीर शुद्ध आहे का ते कळलं पाहिजे. दाखला मिळेल का, असंही त्यानं विचारलं. मी त्याला चहा पाजून लावून दिलं. एका म्हातारीनं तर पेटी कानाशी धरून विहिरीत गेलेल्या तिच्या मालकाशी बोलणं करून द्या म्हणून हट्ट धरला. तिच्यापुढं मात्र मला हसू आलं नाही.

सगळी कासवं सापडली, एक सोडून. ती माझी मादी होती. पोक्त, अंडी घालण्याच्या वयाची, रेडिओ बसवलेली एवढी एकच. सापडलेले बाकी सगळे नर किंवा लहान. तिच्यावाचून माझ्याकडं दाखवायला काही नव्हतं, आणि पाऊस जवळ येत चालला होता.

अशा वेळी नामदेवकाका आले. लोहाऱ्याकडच्या एका खेड्यातले, साठीच्या पुढचे, एसट्या बदलत आलेले. धोतर, पांढरी टोपी, खांद्यावर पिशवी. पिशवीतून त्यांनी फडक्यात बांधलेल्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी काढून माझ्या टेबलावर ठेवली आणि मगच बसले.

"माझी लेक सुरेखा," ते म्हणाले. "तुमच्या तलावाच्या वरच्या वाडीला दिली व्हती. दिवाळीपासून तिचा पत्त्या न्हाय. सासरची म्हंत्यात, पळून गेली कुनासंगं. पोलिसांत लिहून दिलंय. ते बी तेच म्हंत्यात."

मी म्हणाले, "काका, लोक काहीही सांगतात. हे यंत्र माणूस ओळखत नाही."

"म्हाईत हाय मला. म्या अडानी आसंन, येडा न्हाय." ते शांतपणे म्हणाले. "यंत्र कासवाला वळखतंय. आन कासव कशासाठी सोडत्यात ते मला ठावं हाय. आमच्याकडं बी सोडत्यात."

मी कोपऱ्यातल्या पेटीकडं बघितलं.

"येकदा त्यांच्या रानातनं चालून या," ते म्हणाले. "वाजलं न्हाय तर म्या सुखानं घरला जाईन. पळाली आसंल तर पळाली. कुठं तरी भाकरी थापत आसंल. वाजू नये म्हून नवस बोलून आलोय."

वरच्या वाडीची बाजू माझी बघायची राहिली होती. तिकडं मी जाणारच होते. म्हणून मी हो म्हणाले, पण खरं सांगायचं तर मला त्यांच्या तोंडाकडं बघून नाही म्हणता आलं नसतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं निघालो. पुढं मी पेटी घेऊन, मागं काका, त्यांच्या मागं दशरथ. रानात माणूस नव्हतं. वारा पडला होता. पेटीची खरखर तेवढी ऐकू येत होती. आणि मला चालता चालता जाणवलं की आम्ही दोघं एकाच आवाजासाठी कान देऊन आहोत. मला तो यायला हवा होता. माझी मादी, माझा काठ, माझी इतक्या दिवसांची मेहनत, सगळं त्या टिकमध्ये होतं. मागं तो माणूस ओठ हलवत, आवाज येऊ नये म्हणून देवाला विनवत चालला होता.

एक शेत झालं, दुसरं झालं. तिसऱ्यात लिंबाचं झाड होतं, झाडाच्या पलीकडं जुन्या विहिरीचं तोंड, आणि त्यावर सिमेंटच्या फरशा टाकून ते झाकलेलं होतं. फरशांवर कडब्याच्या पेंढ्या रचल्या होत्या.

टिक.

माझ्या मनात आधी आनंदच उसळला. तो नंबर मी झोपेतही ओळखला असता. लगेच मला माझ्या मागं कुणी श्वास घेत नाही असं वाटलं. मी वळले नाही.

टिक. फार संथ. सगळ्या कासवांत मी इतका संथ ठोका कधी ऐकला नव्हता. बाहेर माती चटके देत होती आणि फरशांखाली तिचं अंग ओलं, गार होतं. काळोख आणि गारवा मला त्या ठोक्यातून अक्षरशः ऐकू येत होता. मी फरशीजवळ गेले तसा आवाज मोठा झाला. इतका की झाडावरचा एकटा कावळा उडाला.

गोठ्याकडून एक बाई आली. हातात पाण्याचा तांब्या. साठीची असेल, डोक्यावर पदर, चेहरा सुकलेला. ही केराबाई, सुरेखाची सासू. घरात दुसरं कुणी नव्हतं. नवरा मागंच वारलेला, मुलगा कामाला पुण्याकडं गेलेला. तिनं व्याह्यांना बघितलं, मला बघितलं, मग पेटीकडं बघितलं.

"पानी घ्या," ती म्हणाली. "ते बंद करा आधी."

मी आवाज कमी केला. बंद केला नाही. "मावशी, खाली माझं कासव आहे."

"कसलं कासव? इहीर कोरडी हाय. जनावरं पडत्यात म्हून झाकलीया."

"कोरड्या विहिरीत ते इतकं गार राहत नाही."

 काका हळूहळू पुढं आले. त्यांनी दोन पेंढ्या बाजूला केल्या, खाली बसले आणि फरशीवर तळहात टेकवला. ओरडले नाहीत, शिवी दिली नाही. तसेच बसून त्यांनी विचारलं, "केराबाई, इहीर कुनासाठी जिती केली?"

 तांब्यातलं पाणी थोडं थोडं तिच्या पायावर सांडत होतं आणि तिला ते कळत नव्हतं. त्या रानात इतकी शांतता होती की कमी केलेला आवाजही सगळ्यांना ऐकू येत होता. टिक. आम्ही चौघंही पुढच्याची वाट बघायचो. टिक.

त्या विहिरीत कुणी गेल्याचं गावात कुणालाच माहीत नव्हतं. पोलिसांत नोंद नव्हती, सुतक नव्हतं, काही नव्हतं. आणि तरी कुणीतरी तलावावर जाऊन तावीजवालं कासव मागून आणलं होतं, ते आत सोडलं होतं आणि वरून फरशा टाकल्या होत्या. झाकायचं होतं तर नुसतं झाकायचं. पण मेलेली विहीर तशीच ठेवायची हिंमत त्या घराला झाली नाही. त्या एका रीतीनं सगळं उघडं पडलं. शहरातल्या कुठल्याही गुन्हेगारानं अशी चूक केली नसती.

पुढचं सगळं कायद्यानं झालं आणि गंमत म्हणजे ते सुरेखासाठी झालं नाही, कासवासाठी झालं. मुलगी हरवल्याच्या तक्रारीवर विहीर उघडायला कुणी तयार नव्हतं. पण संरक्षित प्राणी कोंडून ठेवला आहे म्हटल्यावर वनखात्याचा माणूस सकाळीच आला, दोन पंच आले, त्यांच्याबरोबर हवालदार आला. ट्रॅक्टरला साखळी बांधून फरशा ओढल्या. आतून गार हवेचा झोत आला आणि सगळे दोन पावलं मागं सरले.

दशरथ दोरानं खाली उतरला.  बऱ्याच वेळानं दोर हलला. तो वर आला तेव्हा पाटीत कासव होतं, शेपटीची तार शाबूत. त्यानं पाटी माझ्यापुढं ठेवली, कुणाकडंही बघितलं नाही, आणि हवालदाराला म्हणाला, "साहेब, परत उतरावं लागंल. संगट आजून एक मानूस द्या."

काका लिंबाखाली बसले होते. ते उठले आणि विहिरीकडं चालू लागले. त्यांना कुणी अडवलं नाही.

मी तिथं थांबले नाही. कासव फार दिवस काळोखात होतं, त्याला उन्हात ठेवून चालणार नव्हतं. गोठ्याच्या सावलीत मी माझं ठरलेलं काम केलं. मोजमाप, डोळे, नाक, वजन. विहिरींतून काढलेली बाकी सगळी कासवं वाळून निम्मी झाली होती, कारण उपसलेल्या विहिरीत खायला काही नसतं. हिचं वजन घटलं नव्हतं. मी काटा दोनदा तपासला. मग तो खाली ठेवला आणि आकडा वहीत लिहिला. याहून जास्त मी लिहिणार नाही.

गोठ्यातच बाजेवर केराबाई बसली होती. बाईपोलीस यायची होती म्हणून तिला तिथं बसवून ठेवलं होतं. माझ्या हातातल्या कासवाकडं बघत ती आपणहून बोलू लागली. मुलगा आणि सून यांच्यात काय झालं, कोण ढकलतं आणि कोण घसरतं, ते तिनं सांगितलं नाही. आज ती केस कोर्टात आहे, म्हणून मीही सांगत नाही. ती एवढंच म्हणाली, "त्यानं मला गप ऱ्हा म्हनलं. म्या गप ऱ्हायले. पन रातचं मला झोप न्हाय. आत येकटीच व्हती की ती. आंधाराला लई भ्यायची. कुनीतरी सोबत पायजे म्हून सोडलं."

मला तिचा संताप यायला हवा होता. आलाही. पण त्या संतापाच्या तळाशी आणखी काहीतरी होतं आणि ते काय होतं हे मला अजून नीट सांगता येत नाही.

त्याच दिवशी मादीला नदीच्या तोंडाशी सोडलं. पाणी घोट्याएवढंच उरलं होतं. चिखलात शिरताना तिनं एकदाही मागं वळून बघितलं नाही. पाऊस यंदाच्यासारखाच उशिरा आला, पण आला. नदी गढूळ पाणी घेऊन तोंडाशी उतरली, तलाव भरला, आणि पेटीतून पुन्हा भरभर टिकटिक येऊ लागली. पावसाळा सरता सरता एका सकाळी तिचा आवाज काठावर आला आणि तिथंच थांबला. तिनं मागच्या पायांनी माती उकरली, अंडी घातली, वरून माती ओढून पोटानं थापून सारखी केली. साहेब स्वतः बघायला आले होते. ते गवतात पालथे पडून बघत होते, पांढऱ्या शर्टासकट. तो काठ सुटला. मळी धरणाच्या भिंतीकडून निघाली. माझ्या भावाला त्याच्या चार ट्रॉल्या तिथूनच मिळाल्या. नोकरीत मी अनेक अहवाल लिहिले. त्यातला माणसांनी खरोखर मानलेला हा एक.

पुढच्या वर्षी अंडी फुटायच्या सुमाराला नामदेवकाका पुन्हा आले. पुन्हा दशम्या, पुन्हा चटणी. ते कासव बघायचं म्हणाले. मी त्यांना काठावर घेऊन गेले. पहिला पाऊस पडून गेला होता आणि माती हलत होती. बोटाच्या पेराएवढी पिल्लं एकामागून एक वर येऊन पाण्याकडं निघाली होती. काका उकिडवे बसून बघत राहिले. एक पिल्लू उलटं झालं, ते त्यांनी बोटानं सरळ केलं.

"ह्या समद्यांची आई म्हंजी तीच का?" त्यांनी विचारलं.

"तीच."

"किती दिवस व्हती ती आत? सुरेखाजवळ?"

मी म्हणाले, "आवाज त्या हिवाळ्यात गेला होता. तेव्हापासून."

त्यांनी मान हलवली. मनात हिशेब करत असावेत, दिवाळी, मग थंडी, मग होळी, मग ऊन.  पेटी माझ्या खांद्यावर चालू होती आणि समोरच्या उथळ, उन्हानं तापलेल्या पाण्यातून ती मादी ऐकू येत होती, भरभर, जिवंत.

"म्हंजी लेक माझी येकटी न्हवती," काका म्हणाले.

मी हो म्हणाले. केराबाईचं बोलणं त्यांना सांगितलं नाही. वजनाचंही नाही. पेटी बंद केली आणि आम्ही जीपकडं निघालो.